काट्यावरचा प्रोग्राम आणि तीन प्रोसेसर

टेंभुर्णीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाट्यांना उसंत नसते. उजनीचं पाणी आल्यापासून माढा तालुक्याचा हा पट्टा उसाचा झाला, आणि उसाच्या गावात काट्याची पावती हा मोठा कागद असतो. आधी भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, आणि दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचं माप.

समजा, इथल्याच एका तरुण प्रोग्रामरनं सी भाषेत ‘ऊसकाटा’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. काट्याच्या डिस्प्लेमधून सिरियल केबलनं येणारं वजन वाचायचं, नोंद ठेवायची आणि मराठीत पावती छापायची, एवढंच त्याचं काम. प्रोग्राम ६४ बिटांच्या लॅपटॉपवर लिहिला, तिथं तो उत्तम चालला. मग पेनड्राइव्हवर घेऊन दोन ठिकाणी नेला. काट्याच्या खोलीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे, आणि ऑफिसात पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे. दोन्हींवर लिनक्स, तरी दोन्हींनी एकच उत्तर दिलं: ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. फाइल आहे, परवानगी आहे, पण ती चालवता येत नाही.

तीन यंत्रांवर एकच प्रोग्राम पोचवण्याचं हे काम लिनक्सच्या पॅकेज-व्यवस्था हजारो प्रोग्रामांसाठी रोज करतात. ते कसं होतं हे मुख्यतः डेबियनच्या आधारानं पाहू, कारण त्यांची सगळी यंत्रणा उघड्यावर आहे आणि उबुंटू किंवा रास्पबेरी पायची प्रणाली त्याच पायावर उभी आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. एखादा प्रोसेसर ‘आम्ही चालवतो’ असं म्हणणं म्हणजे यादीत एक नाव वाढवणं नव्हे. पॅकेजमधली घोषणा, बांधणी, चाचणी, किमान प्रोसेसरची अट आणि शेवटची स्थापना, यातली एक कडी सुटली तरी त्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाला काहीच मिळत नाही.

आधी तो नकार कुठून आला ते समजून घेऊ. कंपायलर सी भाषेतल्या ओळींचं रूपांतर प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये करतो, आणि प्रत्येक प्रोसेसर-कुळाच्या आज्ञा वेगळ्या असतात. लिनक्सवर ही तयार फाइल ईएलएफ नावाच्या मांडणीत असते. तिचे पहिले चार बाइट ठरलेले आहेत: १२७ हा आकडा आणि मग ई, एल, एफ ही तीन रोमन अक्षरं. पाचव्या बाइटमध्ये फाइल ३२ बिटांची की ६४ बिटांची हे असतं, सहाव्यात बाइटांचा क्रम. एकोणिसाव्या बाइटपासून पुढच्या दोन बाइटांत प्रोसेसर-कुळाचा क्रमांक असतो. जुन्या ३२ बिटी इंटेलचा ३, ६४ बिटी इंटेल-एएमडीचा ६२, ३२ बिटी आर्मचा ४०, ६४ बिटी आर्मचा १८३ आणि रिस्क-व्हीचा २४३. कर्नल हे बाइट वाचतो, आपल्या प्रोसेसरशी ताडून बघतो आणि जुळलं नाही तर प्रोग्रामची एकही आज्ञा न चालवता फाइल परत करतो.

कुर्डुवाडीच्या जुन्या माणसांना ही अडचण ओळखीची वाटेल. १८९७मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांची होती, आणि मुंबई–सोलापूरचा मुख्य मार्ग साडेपाच फुटी. दोन्ही गाड्या कुर्डुवाडीला यायच्या, माल तोच असायचा, पण एका रुळाचा डबा दुसऱ्या रुळावर जात नसे. पोती उतरवून पुन्हा भरावी लागत. प्रोग्रामचा सोर्स म्हणजे तो माल, आणि कंपाइल झालेली फाइल म्हणजे विशिष्ट रुळासाठी भरलेला डबा. पेनड्राइव्हवरून डबा उचलून नेण्यात अर्थ नव्हता. न्यायचा होता माल.

म्हणून डेबियनमध्ये पॅकेज म्हटलं की आधी सोर्स पॅकेज येतं. मूळ प्रोग्राम आणि त्याच्यासोबत ‘डेबियन’ नावाचं एक फोल्डर. त्या फोल्डरातल्या ‘रूल्स’ फाइलमध्ये प्रोग्राम कसा बांधायचा ते असतं, ‘चेंजलॉग’मध्ये आवृत्त्यांचा इतिहास असतो, आणि ‘कंट्रोल’ फाइलमध्ये या सोर्समधून कोणकोणती पॅकेजेस निघणार ते लिहिलेलं असतं. आपल्या विषयाचा गाभा या कंट्रोल फाइलमधल्या एका ओळीत आहे: ‘आर्किटेक्चर’. तिथं ‘एनी’ लिहिलं की पॅकेज प्रत्येक प्रोसेसर-कुळासाठी वेगळं बांधलं जाईल. ‘ऑल’ लिहिलं की ते एकदाच बांधलं जाईल आणि सगळीकडे तेच चालेल. किंवा मोजक्या कुळांची नावं लिहिता येतात. एएमडी६४, आर्म६४, आय३८६ ही डेबियनमधली कुळांची नावं. पहिल्या नावावरून गोंधळू नये. ६४ बिटांचा हा आज्ञासंच २००३मध्ये एएमडीनं आधी बाजारात आणला म्हणून ते नाव पडलं, इंटेलच्या लॅपटॉपलाही तेच पॅकेज लागतं.

‘एनी’ आणि ‘ऑल’ यांतली निवड वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. ऊसकाट्यात काय काय आहे ते बघा. वजन वाचणारा प्रोग्राम कंपाइल करावा लागतो, तो ‘एनी’. पावतीचे मराठी नमुने, गावांची आणि उसाच्या जातींची यादी, मदतीची पानं हे सगळं निव्वळ मजकूर, कुठल्याही प्रोसेसरवर तेच. ते वेगळ्या ‘ऑल’ पॅकेजमध्ये काढायचं. तसं न करता सगळं एकाच ‘एनी’ पॅकेजमध्ये कोंबलं, तर तोच मजकूर जगभरच्या आरशांवर, म्हणजे पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांवर, प्रत्येक कुळासाठी पुन्हा साठवला जातो.

मराठी मजकूर पडद्यावर उमटतो तोही असाच दोघांच्या जोडीनं. लोहित देवनागरी हा फाँट रेड हॅटनं २००४मध्ये मुक्त परवान्यानं दिला, आणि पुढे कंपनीच्या पुण्यातल्या भाषा-अभियंत्यांनी तो सांभाळला. फाँट म्हणजे आकारांची नोंद, त्यामुळे त्याचं पॅकेज ‘ऑल’, आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाच्या भाषेत ‘नोआर्च’. पण ‘र्णी’मधला रफार कुठे बसवायचा हे ठरवणारी हार्फबझ ही लायब्ररी कंपाइल केलेली असते, ती ‘एनी’. फाँट एकदा बनला की झालं, हार्फबझ मात्र प्रत्येक कुळासाठी बांधावी लागते. नव्या प्रोसेसरवर मराठी दिसायला सुरुवात होते ती या दुसऱ्या कामामुळे.

काही वेळा सीमारेषा पुसट असते. आस्पेल या शुद्धलेखन-तपासनीसाचे शब्दकोश, मराठीचाही, हे वरवर पाहता फक्त शब्दांच्या याद्या आहेत. पण आस्पेल त्या याद्यांपासून जी जलद शोधाची फाइल तयार करतो ती प्रोसेसरच्या बाइटक्रमावर अवलंबून असते. डेबियननं यावर काढलेली वाट मला फार आवडते. पॅकेजमध्ये शब्दांची यादीच ठेवायची, म्हणजे ते ‘ऑल’ राहतं, आणि शोधाची फाइल स्थापनेच्या वेळी त्या त्या यंत्रावर तयार करून घ्यायची. छोट्या भाषेच्या पॅकेजला सांभाळणारे हात थोडे असतात. तिथं असं एकदाच बांधता येणारं पॅकेज दीर्घकाळ टिकतं.

आता बांधणी. प्रोग्रामरनं ऊसकाट्याचं सोर्स पॅकेज सही करून डेबियनकडे पाठवलं असं धरू. त्याच्या लॅपटॉपवर बांधलेली फाइल वितरणात जात नाही. २०१९पासून डेबियनचा नियम असा आहे की पुढच्या स्थिर आवृत्तीत जाणारी पॅकेजेस डेबियनच्याच बांधणी-यंत्रांवर बांधलेली हवीत. या यंत्रांना ‘बिल्डडी’ म्हणतात, आणि कोणतं पॅकेज कोणत्या कुळावर बांधायचं राहिलं आहे याची वही ठेवणाऱ्या प्रोग्रामचं नाव ‘वॉना-बिल्ड’. आपलं सोर्स आलं की प्रत्येक कुळाच्या पानावर ऊसकाट्यापुढे ‘नीड्स-बिल्ड’ अशी नोंद होते. त्या कुळाचं मोकळं यंत्र ते काम उचलतं, नोंद ‘बिल्डिंग’ होते. बांधणीला लागणारी एखादी लायब्ररी त्या कुळावर अजून तयारच नसेल, तर पॅकेज ‘डेप-वेट’मध्ये थांबतं आणि लायब्ररी आली की आपोआप पुन्हा रांगेत येतं. बांधून झालं की ‘बिल्ट’, सही होऊन वर गेलं की ‘अपलोडेड’, आणि शेवटी डेबियनच्या संग्रहात आलं की ‘इन्स्टॉल्ड’.

प्रत्यक्ष बांधणी ‘एसबिल्ड’ नावाचं साधन करतं. दर वेळी एक स्वच्छ, जवळपास रिकामी प्रणाली उघडायची, कंट्रोल फाइलमध्ये लिहिलेली साधनंच तिथं आणायची, बांधायचं, आणि प्रणाली टाकून द्यायची. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर योगायोगानं एखादी लायब्ररी होती म्हणून काम झालं असेल, तर ते इथं उघडं पडतं. ‘बिल्ड-डिपेंड्स’ची यादी खरी ठेवायची शिस्त या रिकाम्या खोलीमुळेच लागते.

आर्मसाठीची फाइल आर्मच्या यंत्रावरच बांधायची का? तीन मार्ग आहेत. पहिला, त्याच कुळाच्या यंत्रावर बांधणं, आणि डेबियनचा मुख्य मार्ग हाच. दुसरा मार्ग अनुकरणाचा. क्यूईएमयू नावाचा प्रोग्राम आर्मच्या आज्ञा वाचून इंटेलच्या यंत्रावर पार पाडतो, आणि ‘बिनएफएमटी-मिस्क’ या सोयीतून कर्नलला सांगून ठेवता येतं की फाइलच्या सुरुवातीला १८३ क्रमांक दिसला तर ती परत न करता क्यूईएमयूकडे दे. ज्या बाइटांमुळे नकार मिळाला होता, त्याच बाइटांवरून आता वाट काढून दिली जाते. घरी लॅपटॉपवर आर्म६४चं पॅकेज बनवून बघायला हा मार्ग सगळ्यांत सोपा, फक्त वेळ बराच लागतो.

तिसरा मार्ग क्रॉस-कंपायलरचा: स्वतः इंटेलवर चालणारा, पण आर्मच्या आज्ञा लिहिणारा कंपायलर. वेग पूर्ण मिळतो, पण शिस्त जास्त लागते. समजा, ऊसकाटा बांधताना आधी एक छोटा मदतनीस प्रोग्राम कंपाइल होतो, तो चालवून दराच्या तक्त्याची सी फाइल तयार होते आणि ती मुख्य प्रोग्रामात जाते. क्रॉस-कंपायलरनं हा मदतनीसही आर्मसाठी बनवला तर तो बांधणाऱ्या इंटेलच्या यंत्रावर चालणारच नाही. मदतनीस ‘जिथं बांधतो’ त्या यंत्रासाठी आणि मुख्य प्रोग्राम ‘जिथं चालायचा’ त्या यंत्रासाठी, असा भेद बांधणीच्या नियमांत स्पष्ट लिहावा लागतो. डेबियनची साधनं ही दोन्ही नावं प्रत्येक बांधणीला पुरवतात. आपण ती वापरायची, आणि ‘हे यंत्र कोणतं?’ असं बांधणीच्या मध्येच त्या यंत्राला विचारायचं नाही. क्रॉस-बांधणीची आणखी एक उणीव म्हणजे तयार प्रोग्रामच्या चाचण्या तिथल्या तिथे चालवता येत नाहीत, आणि खरा कस चाचण्यांतच लागतो.

कारण प्रोग्राम तीन कुळांवर कंपाइल झाला म्हणजे तो तिन्हींवर सारखा वागेल असं नाही. इथं थोडं थांबू, कारण काट्याच्या कामात चूक झाली तर ती शेतकऱ्याच्या पैशात उतरते.

पहिली चूक नोंदीची. समजा, प्रोग्रामरनं एका पावतीची नोंद अशी ठेवली: पावती क्रमांक, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन. क्रमांक आणि वजनं सीमधल्या ‘लाँग’ प्रकाराची, वेळ ‘टाइम-टी’ प्रकारची, आणि ही नोंद जशी मेमरीत आहे तशीच फाइलमध्ये ओतली. जुन्या आय३८६वर लाँग चार बाइटांचा आणि वेळही चार बाइटांची, म्हणून नोंद १६ बाइटांची. एएमडी६४ आणि आर्म६४वर चारही गोष्टी आठ बाइटांच्या, नोंद ३२ बाइटांची. पायवर ३२ बिटांची डेबियन १३ असेल तर वेळ आठ बाइटांची, बाकी चार-चार, आणि मध्ये जागा जुळवायला चार रिकामे बाइट, एकूण २४. ऑफिसातल्या जुन्या संगणकावर लिहिलेली फाइल लॅपटॉपवर उघडली की पावती क्रमांक आणि वेळ चिकटून एक अवाढव्य आकडा होतो, आणि कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: किती बिटांचा अंक हवा ते नावातच सांगणारे प्रकार वापरा, किंवा नोंदी एसक्यूलाइटमध्ये ठेवा. त्याची फाइल सगळ्या प्रोसेसरांवर एकसारखी वाचली जाते.

दुसरी चूक अक्षराची. सीमध्ये ‘कॅर’ हा एका बाइटचा प्रकार ऋण आकडे धरू शकतो की नाही हे भाषेनं कुळावर सोडलं आहे. लिनक्सवर इंटेलच्या कुळात तो ऋण होतो, आर्मवर होत नाही. सिरियल केबलवरून बाइट वाचताना ‘आता काही उरलं नाही’ ही खूण उणे एक या आकड्यानं मिळते. वाचलेलं कॅरमध्ये ठेवलं असेल तर लॅपटॉपवर उणे एक ओळखू येतो. पायवर तोच २५५ होतो, खूण कधीच जुळत नाही, आणि केबल निघाली की प्रोग्राम त्याच फेऱ्यात अडकून बसतो. लॅपटॉपवर वर्षभर न दिसलेला दोष काट्याच्या खोलीत पहिल्याच दिवशी दिसतो.

याची उलट बाजू खास आपली आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘टेंभुर्णी’ हा शब्द मात्रा, अनुस्वार आणि हलन्त धरून नऊ चिन्हांचा, म्हणजे २७ बाइटांचा. यातला एकही बाइट १२८च्या खाली नाही. इंटेलवर कॅर ऋण होऊ शकतो, म्हणून हे सत्तावीसच्या सत्तावीस बाइट तिथं ऋण आकडे ठरतात. एखाद्यानं अक्षराचा आकडा थेट तक्त्याचा क्रमांक म्हणून वापरला असेल, तर तो तक्त्याच्या आधीच्या मेमरीत जाऊन काहीतरी वाचतो. रोमन अक्षरांनी केलेल्या चाचण्यांत हा दोष कधीच सापडणार नाही, कारण त्यांचे आकडे १२८च्या आत असतात. म्हणून पॅकेजसोबतच्या चाचण्यांत गावांची आणि माणसांची नावं मराठीत हवीत, आणि त्या चाचण्या प्रत्येक कुळाच्या बांधणीत चालल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट दशांशाची. जुन्या आय३८६वर दशांश गणित प्रोसेसरच्या ८० बिटांच्या रजिस्टरांत होत असे, एएमडी६४वर ते ६४ बिटांत होतं. वजन गुणिले दर या हिशेबात शेवटचा अंक क्वचित वेगळा येऊ शकतो, आणि तो नेमका पूर्णांक करण्याच्या उंबरठ्यावर असेल तर पावतीत पैशाचा फरक पडतो. उसाच्या पट्ट्यात काटामारीच्या तक्रारी दर हंगामाला होतात. तिथं दोन यंत्रांनी दोन आकडे द्यावेत हे परवडणारं नाही. वजन किलोत आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांकांत ठेवावं. मग कुठलंही कुळ असो, उत्तर एकच येतं.

अनेक कुळांवर बांधण्याचा हा मोठा फायदा मला वाटतो: एका कुळावर झाकलेली चूक दुसऱ्या कुळावर बाहेर येते. डेबियन आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी, म्हणजे एस३९०एक्ससाठीही सगळं बांधतं. टेंभुर्णीत कुणाच्या घरी मेनफ्रेम नाही. पण त्या कुळात अंकाचा मोठा बाइट आधी येतो, आणि त्यामुळे बाइटक्रमाची चूक चाचण्यांत तिथेच पकडली जाते.

एखाद्या कुळावर बांधणी फसली तर काय करायचं, याबाबत व्यवस्थांचे स्वभाव वेगळे आहेत. फेडोराच्या ‘कोजी’ या बांधणी-व्यवस्थेत एक बांधणी सगळ्या कुळांवर एकदम सुरू होते आणि एकावर फसली तर सगळीच रद्द होते. ‘नोआर्च’ उपपॅकेज वेगवेगळ्या कुळांवर बांधून परस्परांशी ताडलं जातं, वेगळं निघालं तर तीही चूक. एखादं कुळ वगळायचं असेल तर कारणासह तक्रार नोंदवावी लागते. डेबियनमध्ये प्रत्येक कुळ आपल्या गतीनं बांधतं, पण एखाद्या कुळावर पूर्वी बनत असलेलं पॅकेज आता बनत नसेल तर नवी आवृत्ती ‘टेस्टिंग’मध्ये, म्हणजे पुढच्या स्थिर आवृत्तीच्या तयारीत, जात नाही. मला डेबियनची रीत जास्त मानवते. बांधणी मागे राहिलेल्या कुळासाठी बाकीच्यांचं काम लगेच फेकलं जात नाही, आणि त्या कुळाला विसरून पुढेही जाता येत नाही.

कुळाचं नाव जुळलं तरी प्रोसेसर जुळेलच असं नाही, हे रास्पबेरी पायनं सगळ्या जगाला शिकवलं. पहिला पाय २०१२मध्ये आला. त्यात आर्मची सहावी पिढी होती, आणि दशांश गणिताचा वेगळा भाग असलेली. डेबियनकडे ३२ बिटी आर्मची दोन कुळं होती. आर्मएचएफ दशांशाचा तो भाग वापरायचं, पण त्याला सातवी पिढी लागत होती. आर्मेल पायवर चालायचं, पण दशांशाचा भाग न वापरता, म्हणून संथ. शेवटी माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी २०१२मध्ये डेबियनची हजारो पॅकेजेस सहाव्या पिढीसाठी नव्यानं बांधून काढली आणि रास्पबियन उभं राहिलं. सोर्समध्ये जवळपास काही बदलायचं नव्हतं, बदलायची होती ती किमान प्रोसेसरची अट. ही अट कुळाच्या नावात दिसत नाही, पण कोणतं जुनं यंत्र आत आणि कोणतं बाहेर हे तीच ठरवते. आपल्या पॅकेजमध्ये कंपायलरला ‘याच यंत्राच्या प्रोसेसरसाठी बनव’ असा पर्याय कधीही देऊ नये, त्याचं कारण हेच. बांधणी-यंत्र नवं असतं. तिथं जमलेली आज्ञा पाच वर्षं जुन्या यंत्रावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळते.

एकाच यंत्रावर दोन कुळं नांदवण्याची सोय डेबियननं २०१३च्या सातव्या आवृत्तीत पक्की केली. तिचं नाव मल्टिआर्च. लायब्ररी सगळ्यांनी एकाच फोल्डरात ठेवायच्या या पद्धतीऐवजी प्रत्येक कुळाच्या लायब्ररींना आपलं नाव असलेलं फोल्डर मिळालं. मग ६४ बिटी यंत्रावर ३२ बिटी प्रोग्राम आपल्या लायब्ररींसह शेजारी राहू शकतो. वजनकाट्याच्या कंपनीनं पूर्वी दिलेला, सोर्स हरवलेला एखादा ३२ बिटी प्रोग्राम नव्या संगणकावर चालवायचा असेल तर हीच सोय कामाला येते. पॅकेज करणाऱ्यानं आपलं पॅकेज ‘सेम’ आहे, म्हणजे अनेक कुळांत शेजारी बसू शकतं, की ‘फॉरेन’ आहे, म्हणजे कुठल्याही कुळातलं चालेल, हे कंट्रोल फाइलमध्ये सांगायचं असतं.

कुळांची यादी काळानुसार बदलत आली आहे. डेबियन १९९३मध्ये सुरू झालं. जुलै १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत आय३८६च्या जोडीला मोटोरोलाचं ६८००० कुळ आलं, आणि २००२च्या तिसऱ्या आवृत्तीत अकरा कुळं होती. पुण्याच्या सी-डॅकचे महासंगणकही असेच कुळं बदलत गेले: १९९१चा परम ८००० ट्रान्सप्युटरवर, १९९८चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर, २०१३चा परम युवा-२ इंटेलवर. आता सी-डॅकचा वेगा आणि आयआयटी मद्रासचा शक्ती हे भारतीय प्रोसेसर रिस्क-व्हीच्या खुल्या आज्ञासंचावर आहेत, आणि ९ ऑगस्ट २०२५ला आलेल्या डेबियन १३मध्ये रिस्क-व्हीचं ६४ बिटी कुळ प्रथमच अधिकृत झालं. पायाशी खुला आज्ञासंच आणि त्यावर हजारो तयार पॅकेजेस हे चित्र मला फार आशादायक वाटतं. आपल्या ऊसकाट्यात ‘एनी’ लिहिलेलं असेल, तर उद्या कुणी असा प्रोसेसर असलेला संगणक काट्यावर बसवला तरी प्रोग्रामरला वेगळं काही करावं लागणार नाही.

त्याच डेबियन १३मध्ये आय३८६चं स्थान बदललं. त्याची पॅकेजेस अजून बांधली जातात, पण ती ६४ बिटी यंत्रावर ३२ बिटी प्रोग्राम चालवण्यापुरती. ३२ बिटी कर्नल नाही आणि स्थापनेची चकतीही नाही. वेळेचं मापही तिथं चार बाइटांचंच ठेवलं आहे, जुने तयार प्रोग्राम मोडू नयेत म्हणून. बाकीची ३२ बिटी कुळं आठ बाइटांवर गेली. चार बाइटांची वेळ १९ जानेवारी २०३८ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. तो दिवस ऐन गळीत हंगामातला आहे, आणि चार बाइटांची वेळ वापरणाऱ्या काट्याच्या प्रोग्रामला त्याआधी जागा सोडावीच लागेल.

मग ऑफिसातल्या जुन्या संगणकाचं काय? तो भंगारात देण्याआधी एक गोष्ट नक्की तपासावी. त्यावर ३२ बिटांची प्रणाली बसवलेली आहे म्हणून प्रोसेसरही ३२ बिटांचाच आहे असं नसतं. २००६नंतरचे कोअर २ डुओ ६४ बिटांचेच होते, आणि त्यांच्यावरही मेमरी कमी म्हणून ३२ बिटी विंडोज सर्रास घातलं जाई. लिनक्सच्या कुठल्याही जुन्या लाइव्ह सीडीवरून तो सुरू करा, प्रोसेसरची माहिती देणारी ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडा, आणि ‘फ्लॅग्ज’च्या ओळीत एल आणि एम ही दोन अक्षरं जोडीनं आहेत का ते पाहा. असतील तर त्या संगणकावर सरळ एएमडी६४ची डेबियन १३ बसवा, ऊसकाट्याचं एएमडी६४ पॅकेज त्यावर चालेल. नसतील, जसं सुरुवातीच्या ॲटम एन२७० नेटबुकमध्ये नाहीत, तर जून २०२३ची डेबियन १२ ही त्याच्यासाठी स्थापनेची चकती असलेली शेवटची आवृत्ती आहे. ऊसकाट्याचं आय३८६ पॅकेज तिच्यासाठी, तिच्याच स्वच्छ प्रणालीत वेगळं बांधावं लागेल, आणि पावत्यांच्या नोंदी पेनड्राइव्हनं लॅपटॉपवर आणून रोज ताडून बघाव्या लागतील.